रेल्वे सुरक्षेचा स्वतंत्र नियामक कसा उभा करायचा : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मोठा अपघात झाला की संध्याकाळपर्यंत बातम्यांत एक वाक्य येतंच : 'रेल्वे सुरक्षा आयुक्तांमार्फत चौकशी होणार.' चार दिवसांत मृतांचा आकडा ठरतो, भरपाई जाहीर होते, मार्ग पुन्हा सुरू होतो. आयुक्तांनी पुढे काय लिहिलं आणि त्यातलं काय पाळलं गेलं, हे विचारायला मात्र फारसं कुणी उरत नाही. प्रवासी संघटनेत नुकतेच आलेले कार्यकर्ते, कायद्याचे विद्यार्थी, खासदारांच्या कार्यालयात काम करणारी मुलं, रेल्वेची बातमीदारी हाती आलेले पत्रकार, अशांसाठी हा लेख आहे. रेल्वे सुरक्षेवर देखरेख करणारा खरोखर स्वतंत्र राष्ट्रीय नियामक हवा असेल तर काम कुठून सुरू करायचं, कायद्यात नेमकं काय मागायचं आणि फसगत कुठे होते, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

पायरी १ : जे आहे ते आधी ओळखा

नवा कार्यकर्ता पहिल्या निवेदनात हमखास लिहितो, 'आपल्याकडे रेल्वेवर स्वतंत्र देखरेखच नाही.' समोरचा अधिकारी एका वाक्यात ते निवेदन निकालात काढतो : 'आहे की, सीआरएस आहे.' आणि तो खोटं बोलत नसतो. म्हणून आधी सीआरएस, म्हणजे रेल्वे सुरक्षा आयोग, समजून घ्या.

१७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा इथे एक्स्प्रेस रुळांवरून घसरली आणि १००हून अधिक माणसं गेली. संशय एक्सबी वर्गाच्या इंजिनांवर होता. त्या काळी रेल्वेची तपासणी करणारे निरीक्षक रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली होते. या इंजिनांचा छडा लावायला नेमलेल्या पॅसिफिक लोकोमोटिव्ह समितीचे अध्यक्ष होते ब्रिटिश रेल्वेचे मुख्य तपासणी अधिकारी कर्नल माउंट. तपासणारे आणि चालवणारे एकाच छत्राखाली नकोत, असं या समितीने सांगितलं. १९३५च्या भारत सरकार कायद्यामागेही हाच विचार होता. अखेर मे १९४१मध्ये निरीक्षकांना बोर्डापासून वेगळं काढून तेव्हाच्या टपाल व हवाई खात्याकडे दिलं. रेल्वेचा सुरक्षा आयोग आजही नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली दिसतो, तो या घडामोडीमुळे. १९६१मध्ये त्याला रेल्वे सुरक्षा आयोग हे नाव मिळालं. मुख्य आयुक्तांचं कार्यालय लखनौला आहे, आणि देशभरात मंडळनिहाय आयुक्त आहेत. पुण्या-मुंबईच्या मेट्रोचा नवा टप्पा 'सीएमआरएसची (मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची) तपासणी बाकी' म्हणून अडतो, तेव्हा २००२च्या मेट्रो कायद्याखालची हीच व्यवस्था काम करत असते.

म्हणजे ८० वर्षांपूर्वी आपण अर्धं काम केलं. उरलेलं अर्धं कोणतं, हे कायदा वाचल्यावर कळतं.

पायरी २ : रेल्वे अधिनियम १९८९ची पाच कलमं स्वतः वाचा

दुसऱ्याने केलेला सारांश वाचू नका. कलमं छोटी आहेत, अर्ध्या तासात वाचून होतात.

कलम ६ आयुक्ताची कर्तव्यं सांगतं. कलम २२ नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करण्याआधीच्या अटींचं आहे, आणि आयुक्ताचा खरा जोर तिथे आहे. त्याच्या तपासणीशिवाय नवी लाइन, नवा पूल सुरू होत नाही. वेगमर्यादा घाला, अमुक काम आधी पुरं करा, असं तो सांगतो आणि रेल्वेला ते ऐकावं लागतं.

पण लाइन एकदा सुरू झाली की चित्र पालटतं. नियमित तपासणी करायची तर ती 'केंद्र सरकार निर्देश देईल त्याप्रमाणे', असं कलम ६ म्हणतं. कलम २५ तर दोनदा वाचा. चालू मार्ग किंवा डबे धोकादायक आहेत असं आयुक्ताचं मत झालं, तरी तो ते बंद करू शकत नाही. त्याने केंद्र सरकारला अहवाल पाठवायचा, आणि बंद करायचं की नाही ते सरकारने ठरवायचं. रेल्वेच्या व्यवहारात हे सरकार म्हणजे बहुतांशी रेल्वे मंत्रालयच. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर फाइल.

कलम ११४ अपघाताच्या चौकशीचं आहे, त्याकडे पुढे येऊ. कलम १० वार्षिक अहवालाचं : मुख्य आयुक्तांनी तो तयार करायचा आणि सरकारने संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा. हा अहवाल मिळवून वाचायची सवय लावून घ्या. मी असे अहवाल मागच्या पानांकडून वाचतो. शिफारशी आणि त्यांवर रेल्वेने दिलेली उत्तरं तिथे असतात, आणि 'मान्य', 'तत्त्वतः मान्य', 'विचाराधीन' या तीन शब्दांमधलं अंतर तिथेच उमगतं. आयुक्ताच्या शिफारशी रेल्वेवर बंधनकारक नाहीत.

पायरी ३ : तीन कामं वेगळी करा

२०११मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय सुरक्षा आढावा समिती नेमली गेली. फेब्रुवारी २०१२मध्ये तिने १०६ शिफारशींचा अहवाल दिला. त्यातलं निदान एका ओळीत सांगता येतं : नियम करणं, गाड्या चालवणं आणि नियम पाळले जातात की नाही ते बघणं, ही तिन्ही कामं रेल्वे बोर्डाकडेच एकवटली आहेत. त्यावर समितीने सुचवलं की कायद्याने स्थापन झालेलं, सरकारपासून पुरेसं अंतर राखणारं रेल्वे सुरक्षा प्राधिकरण हवं, आणि आयुक्तांची आजची यंत्रणा बळकट करून त्यात आणावी. तुमच्या मागणीचा पाया हाच अहवाल असू द्या. तो सरकारनेच नेमलेल्या समितीचा आहे, त्यामुळे 'हे कुठून काढलंत?' असं कुणी विचारू शकत नाही.

निवेदन लिहिताना इथे एक निर्णय घ्यावा लागतो. देखरेख आणि अपघाताचा तपास ही दोन्ही कामं एकाच संस्थेकडे द्यायची का? माझं उत्तर स्पष्ट 'नाही' आहे. ज्याने मार्ग सुरक्षित म्हणून प्रमाणपत्र दिलं, त्यानेच त्या मार्गावरच्या अपघाताचा तपास केला तर स्वतःची चूक त्याला दिसणार कशी? आज आपल्याकडे आयुक्त दोन्ही करतो. ब्रिटनने ही कामं वेगळी केली. लंडनमध्ये लॅडब्रोक ग्रोव्ह इथे ५ ऑक्टोबर १९९९ रोजी दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन ३१ जणांचा मृत्यू झाला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीनंतर २००३चा कायदा आला आणि २००५मध्ये तपासासाठी निराळी शाखा सुरू झाली. ती दोष कुणाचा हे ठरवत नाही, कारण शोधते आणि अहवाल प्रसिद्ध करते. परवाने, तपासण्या आणि नोटिसा हे काम दुसरी संस्था पाहते. आपल्याच देशात हवाई क्षेत्रात हेच झालं आहे. नियमनासाठी डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, आणि तपासासाठी २०१२पासून वेगळा विमान अपघात तपास विभाग. विमानाच्या प्रवाशाला जी विभागणी मिळाली, ती पॅसेंजर गाडीच्या प्रवाशाला का मिळू नये?

एक सावधगिरी. २०१७मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं रेल्वे विकास प्राधिकरण भाडं, दर आणि स्पर्धा या विषयांसाठी होतं. चर्चेत कुणी ते पुढे केलं तर नम्रपणे सांगा, तो आर्थिक नियामक आहे, सुरक्षेचा नाही.

पायरी ४ : 'स्वतंत्र' शब्दाला तीन प्रश्न विचारा

विधेयकाच्या मसुद्यात 'स्वतंत्र' हा शब्द टाकायला काही लागत नाही. नेमणूक कोण करतं, पैसा कुठून येतो आणि अहवाल कुणाच्या टेबलावर अडू शकतो, हे विचारा.

नेमणुकीसाठी निवड समिती हवी, ठरावीक मुदत हवी, आणि मुदतीआधी काढायचं तर कारण संसदेपुढे मांडायचं बंधन हवं. आजचे आयुक्त रेल्वेच्याच सेवांमधून येतात. त्यात वाईट हेतू शोधू नका. पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) आणि सिग्नल यांचं अंतरंग जाणणारी माणसं आपल्या देशात बहुतेक रेल्वेतच घडतात. पण परतीची वाट बंद हवी. नियामकात आलेल्या माणसाने पुन्हा रेल्वे बोर्डात किंवा रेल्वेच्या ठेकेदाराकडे लगेच जाता कामा नये. शिवाय हळूहळू नियामकाचं स्वतःचं मनुष्यबळ तयार व्हायला हवं : सिग्नल, रूळ, डबे, पूल यांचे जाणकार आणि माणूस थकला की कशी चूक करतो याचा अभ्यास असलेले तज्ज्ञसुद्धा. आकृतिबंधात ही पदं पहिल्या दिवसापासून लिहून घ्या. 'नंतर भरू' म्हणून सोडलेली पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात.

पैशाचे दोन मार्ग आहेत. एक, खर्च देशाच्या संचित निधीवर भारित करायचा, म्हणजे तो दरवर्षी संसदेतल्या मतदानाच्या खेळात अडकत नाही. दुसरा, गाड्या चालवणाऱ्यांकडून उपकर घ्यायचा, जसा ब्रिटनमध्ये घेतात. आपल्याकडे गाड्या चालवणारं सरकारी खातंच आहे, त्यामुळे मला पहिला मार्ग बरा वाटतो.

अहवालाबाबत तडजोड नको. अंतिम अहवाल नियामकाने स्वतः, ठरलेल्या मुदतीत, सर्वांसाठी प्रसिद्ध करायचा, मंत्रालयाची परवानगी न घेता. आणि प्रत्येक शिफारशीवर रेल्वेने लेखी उत्तर द्यायचं : कधीपर्यंत करणार, करणार नसाल तर का नाही.

पायरी ५ : कोणते मृत्यू मोजायचे ते ठरवा

या पायरीवर बहुतेक मसुदे घाईने पुढे सरकतात, आणि मुंबईच्या माणसाने तर इथे पाय रोवून उभंच राहायला हवं.

कलम ११४ काळजीपूर्वक वाचलं तर आयुक्ताची सक्तीची चौकशी कशाची होते? 'प्रवासी वाहून नेणाऱ्या गाडीला' झालेल्या अपघाताची. गाडी घसरली, आदळली, पेटली आणि माणसं गेली, तर चौकशी होणार. पण गच्च भरलेल्या लोकलच्या दारातून माणूस खाली पडला तर? गाडीला काही झालेलं नसतं. काकोडकर समितीने रुळांवर वर्षाला सुमारे १५,००० मृत्यू होतात असं नोंदवलं, त्यातले सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरी मार्गांवर. कोणत्याही सुसंस्कृत समाजाने हे हत्याकांड खपवून घेऊ नये, असं तिने लिहिलं.

कायद्यातली विसंगती तुमच्या लक्षात आणून देतो. कलम १२३ आणि १२४-अ यांखाली गाडीतून अपघाताने पडणं ही 'अनुचित घटना' आहे आणि तिच्यासाठी भरपाई मिळते. म्हणजे पैसे द्यायच्या वेळी तो मृत्यू कायद्याला दिसतो, आणि कारण शोधायच्या वेळी दिसेनासा होतो. कलम १२० तर अशा इतर घटनांची चौकशी रेल्वे प्रशासन 'करू शकेल' एवढंच म्हणतं.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. चौकशी रेल्वेच्याच अधिकाऱ्यांनी केली. पुढच्याच वर्षी, ३ जुलै २०१८ला, अंधेरीत गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, त्याची चौकशी मात्र आयुक्तांनी केली. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ वळणावर लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी पडून मेले, आणि पुन्हा रेल्वेचीच समिती बसली. स्थानकाच्या पुलाची रुंदी, गाडी आणि फलाट यांमधली पोकळी, वळणावर दोन गाड्यांमधलं अंतर, दारं बंद होणारे डबे, हे सगळं सुरक्षेचंच आहे. म्हणून मसुद्यात व्याख्या अशी हवी : रेल्वेच्या हद्दीत रेल्वेच्या कामकाजामुळे झालेला कोणताही मृत्यू किंवा गंभीर इजा. प्रत्येक मृत्यूची वेगळी चौकशी शक्य नाही हे मान्य. पण एकाच जागी, एकाच प्रकारे माणसं मरत असतील तर त्या जागेची चौकशी नियामकाने करायलाच हवी. कळवा-मुंब्रा पट्ट्यातल्या कुणालाही विचारा, त्या जागा त्यांना तोंडपाठ आहेत.

पायरी ६ : हातात शिडी द्या

नियामकाकडे फक्त 'गाड्या बंद' एवढंच हत्यार असेल तर तो ते कधीच उचलणार नाही, कारण लाखो माणसांचा खोळंबा कुणालाच परवडत नाही. म्हणून पायऱ्यापायऱ्यांचे अधिकार लागतात. आधी सुधारणा नोटीस, मुदतीसह. मग मनाई नोटीस : हा पॉइंट, हे डबे, हा पूल दुरुस्त होईपर्यंत वापरायचा नाही. वेगमर्यादा थेट घालायचा अधिकार. शेवटी खटला. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातले निरीक्षक या नोटिसा स्वतःच्या सहीने देतात.

पायरी ७ : 'थोडक्यात वाचलो' हे ऐकणारा कान

२ जून २०२३ रोजी बालासोर जिल्ह्यात बहनागा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेस मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल असताना लूप लाइनवर, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळावर गेली, तिथे उभ्या मालगाडीवर आदळली, आणि तिचे डबे बाजूच्या मार्गावरून जाणाऱ्या हावडा गाडीवर पडले. २९०हून अधिक माणसं गेली. आयुक्तांच्या तपासात सिग्नलच्या वायरिंगमधल्या चुका निघाल्या, काही २०१८च्या कामातल्या, आणि बाकीच्या त्या दिवशी फाटकाच्या अडसराचं काम चाललं होतं त्यातल्या. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती पुढची नोंद. खडगपूर विभागातच बांकरा नयाबाज स्थानकात मे २०२२मध्ये चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रसंग घडला होता, आणि तेव्हा दुरुस्तीची पावलं उचलली असती तर बहनागा घडलं नसतं, असं आयुक्तांनी लिहिलं. फेब्रुवारी २०२३मध्ये कर्नाटकातल्या होसदुर्ग रोड स्थानकात गाडी चुकीच्या मार्गावर जाता जाता लोको पायलटने थांबवली. तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने सिग्नल व्यवस्थेतल्या गंभीर त्रुटींबद्दल पत्रही लिहिलं.

इशारे होते, पण सगळे घरातल्या घरात. म्हणून मसुद्यात दोन गोष्टी घाला. धोक्याचा प्रत्येक प्रसंग, कुणाला खरचटलं नसलं तरी, नियामकाला कळवणं बंधनकारक. आणि ट्रॅकमन, सिग्नल मेंटेनर, लोको पायलट, स्टेशन मास्तर यांना नाव गुप्त ठेवून सांगता येईल अशी सोय. ब्रिटनमध्ये १९९६पासून अशी योजना आहे. आपल्या कायद्याच्या कलम ११७ने आयुक्तापुढे दिलेला जबाब, खोटी साक्ष सोडली तर, इतर खटल्यांत वापरता येत नाही असं संरक्षण दिलेलं आहे. पण बहनागानंतर सीबीआयचा तपासही त्याच वेळी चालू होता आणि रेल्वेच्या तीन कर्मचाऱ्यांना अटक झाली. अशा वातावरणात रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमधला माणूस मोकळेपणी बोलेल का? गुन्ह्याचा तपास आणि सुरक्षेचा तपास कुठे वेगळे राहतील, ते कायद्यातच लिहिलेलं हवं.

पायरी ८ : एका रात्रीत बदल मागू नका

ऑस्ट्रेलियात राज्याराज्यांचे वेगवेगळे रेल्वे सुरक्षा नियामक होते. राज्याची हद्द ओलांडली की गाडीला नियमांचा नवा संच. राज्यांनी २०११मध्ये करार केला, दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०१२मध्ये आदर्श कायदा केला, आणि अॅडलेडमध्ये कार्यालय असलेला राष्ट्रीय नियामक २० जानेवारी २०१३ला सुरू झाला. सगळी राज्यं एकदम आली नाहीत. क्वीन्सलँड शेवटी, १ जुलै २०१७ला आलं. अपघातांचा तपास तिथेही वेगळ्या राष्ट्रीय संस्थेकडेच आहे.

आपल्याला राज्यांना एकत्र आणायचं नाही, त्यामुळे अडचण कमी. आधी आयुक्तांची यंत्रणा नव्या कायद्याखाली जशीच्या तशी आणावी. मग चालू मार्गांच्या तपासणीचा स्वयंभू अधिकार, मग नोटिसांचे अधिकार, आणि तपासाची शाखा वेगळी करणं शेवटी. १९०५चा रेल्वे बोर्ड कायदा रद्द करून बोर्डाची तरतूद १९८९च्या अधिनियमात आणणारी दुरुस्ती २०२५मध्ये झाली. त्याच वेळी सुरक्षा नियामकाचं प्रकरणही त्यात घालता आलं असतं. कायदा उघडला गेला आणि ते राहून गेलं, याची मला खंत आहे. पण एकदा उघडलेला कायदा पुन्हा उघडता येतो.

पायरी ९ : सोमवारी सकाळी काय कराल

माहिती अधिकाराचा पहिला अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या भागातला एकच अपघात निवडा. कोकणातले असाल तर २००३चा वैभववाडीचा घ्या. अर्ज दोन करा : आयोगाकडे अहवालाची प्रत मागा, आणि रेल्वेकडे प्रत्येक शिफारशीवर आज काय स्थिती आहे ते. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून एक तक्ता बनवा. तपासाला अडथळा येईल म्हणून कलम ८(१)(h)चा नकार आला, तर नेमका कोणता तपास आणि अडथळा कसा, हे अपिलात विचारा. माझ्या पहिल्या अर्जाला एका कार्यालयाने 'हा विषय आमच्याकडे नाही' एवढंच कळवलं होतं, अर्ज योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांचीच असताना. तेव्हा पहिल्या उत्तरावर थांबू नका.

तो तक्ता घेऊन खासदारांना भेटा. 'सुरक्षा वाढवा' असं म्हणून काही होत नाही. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) लिहून न्या, दोन ओळींचा. खासगी सदस्याचं विधेयक मांडायला खासदार तयार असतील तर पायरी ४ ते ७मधली कलमं मसुदा म्हणून द्या. अशी विधेयकं क्वचितच मंजूर होतात, पण सभागृहाच्या कामकाजात मसुदा नोंदला जातो. लोकसभेच्या याचिका समितीकडे जायचा रस्ताही खुला आहे.

आणि आपल्या भागात अपघात झालाच, तर वर्तमानपत्रातली आयुक्तांची जाहीर सूचना शोधा. ज्याला माहिती आहे तो कुणीही चौकशीच्या ठिकाणी येऊन जबाब देऊ शकतो किंवा लिहून पाठवू शकतो. तो लेखी पाठवा, तारीख, वेळ, गाडी क्रमांक, किलोमीटरचा खांब यांसह. स्थानकावर आधी दिलेल्या तक्रारींच्या पोहोच पावत्या जोडा. जबाबाची एक प्रत सही-शिक्क्यासह स्वतःकडे ठेवा, आणि अहवाल आला की त्यात आपलं म्हणणं कोणत्या पानावर आहे ते तपासा.